वाटेची जोखीम : अहमदनगर जिल्ह्याचे रस्ते आणि पायगाडी

महाराष्ट्रांतील जुन्या मार्गांचा अभ्यास करणाऱ्यांची दृष्टि स्वाभाविकपणें लष्करी हालचाली, व्यापारी तांडे, जकातीचीं नाकीं आणि घाटांवरील मेटें यांकडे जाते. रस्त्यावरून एकटा जाणारा साधा माणूस मात्र इतिहासाच्या पानांतून बहुधा निसटतो. तो सुखरूप घरीं पोंचला तर त्याच्याविषयीं कोणी कांहीं लिहून ठेवीत नाहीं. वाटेंत त्याचा घात झाला तरच कागद निर्माण होतो. हा एकटा वाटसरू पूर्वी पायीं किंवा तट्टावर असे. विसाव्या शतकापासून तो पुष्कळदां पायगाडीवर, म्हणजे सायकलीवर, असतो. त्याच्या सुरक्षिततेची जोखीम कोणाच्या माथीं होती व आज कोणाच्या माथीं आहे, हा प्रश्न अहमदनगर जिल्ह्यापुरता तपासून पाहण्याचा आमचा विचार आहे. (या जिल्ह्यास २०२४ पासून अहिल्यानगर हें शासकीय नांव मिळालें आहे, पूर्वकाळासंबंधीं लिहितांना जुनें नांव ठेविलें आहे.)

'जोखीम' हा शब्द आम्ही मुद्दाम योजिला आहे. ज्यांत धोका आहे ती जोखीम, आणि जें दुसऱ्याच्या भरंवशावर सांभाळावयास दिलें तीही जोखीमच. धोका व जबाबदारी हे दोन अर्थ एकाच शब्दांत नांदतात. धोका एकाच्या वाट्यास आणि जबाबदारी दुसऱ्याच्या, अशी व्यवस्था असेल तर वाट सुरक्षित राहते. दोन्हीही एकाच दुबळ्या माणसावर पडलीं म्हणजे ती सुरक्षित राहत नाहीं. प्रस्तुत लेखाचें म्हणणें थोडक्यांत एवढेंच आहे.

१. जुनी व्यवस्था

मलिक अहमद निजामशहानें १४९० च्या दशकांत अहमदनगर वसविलें. पुढें या शहरापासून पांच प्रमुख वाटा फुटलेल्या दिसतात : घोडनदी ओलांडून पुण्यास, प्रवरासंगम व टोकें येथून गोदावरी उतरून औरंगाबादेस (आजचें छत्रपती संभाजीनगर), कोपरगांव व येवल्यावरून मालेगांवाकडे, आग्नेयीस सोलापुराकडे, आणि पश्चिमेस माळशेज घाट उतरून कल्याणास. याच मुलुखानें १७९५ सालीं खर्ड्याची लढाई पाहिली, आणि १८०३ च्या ऑगस्टमध्यें वेलस्लीनें नगरचा किल्ला घेतला. सैन्यें अशीं येत-जात असतां सामान्य वाटसरूस आधार होता तो वाटेवरच्या गांवांचा.

हा आधार केवळ माणुसकीचा नव्हता. तो वतनाच्या कर्तव्याचा भाग होता. एल्फिन्स्टननें पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलुखाविषयीं १८१९ सालीं जो अहवाल सादर केला, त्यांत गांवच्या जागल्याचें काम वर्णिलें आहे. हा जागल्या कोठें भिल्ल, कोठें रामोशी असे. गांवाच्या शिवेंत चोरी झाली कीं त्यानें चोराच्या पावलांचा माग काढावयाचा. माग शेजारच्या गांवाच्या शिवेंत गेला तर तो त्या गांवच्या जागल्याच्या हवालीं करून आपण मोकळें व्हावयाचें. असा माग एका शिवेकडून दुसऱ्या शिवेकडे जातां जातां ज्या गांवांत खुंटे, त्या गांवावर भरपाईची जबाबदारी येई. म्हणजे गुन्हेगार सांपडो वा न सांपडो, नुकसान कोणाच्या पदरीं पडावयाचें याचें उत्तर तयार असे; आणि तें उत्तर 'ज्याचें गेलें त्याच्या' असें नसे.

या व्यवस्थेचे दोष झांकण्याचें कारण नाहीं. निर्दोष गांवावरही भुर्दंड पडे, आणि गांव दरिद्री असल्यास भरपाईचा आदेश पोकळ ठरे. तरी तिच्यांतील तत्त्व ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. वाट ज्याच्या हद्दींतून जाते तो त्या वाटेवरील जिवास व वित्तास जबाबदार, असें तें तत्त्व होतें.

दुसरा आधार मुक्कामाचा. जामखेड तालुक्यांतील चौंडी येथें १७२५ सालीं जन्मलेल्या अहिल्याबाई होळकरांनीं देशभर धर्मशाळा, विहिरी व घाट बांधिले हें सर्वश्रुत आहे. या कामाकडे दानधर्म म्हणून पाहण्याची चाल आहे. परंतु मार्गांच्या इतिहासांत त्याचा आणखी एक अर्थ होतो. अंधार पडल्यावर वाटेवर राहूं नये, हा त्या काळच्या प्रवासाचा पहिला नियम होता. मजलेवर धर्मशाळा व पाणी असेल तरच तो नियम पाळतां येतो. वाटसरूनें काळजी घ्यावी असें नुसतें सांगून न थांबतां, काळजी घेणें शक्य व्हावें अशी तजवीज करणें यास महत्त्व होतें.

२. इंग्रजी अंमल व मोकळे झालेले रस्ते

१८१८ सालीं कॅप्टन पॉटिंजर हा अहमदनगरचा पहिला कलेक्टर झाला. पुढील काळांत गांवाची सामुदायिक जबाबदारी हळूहळू मागें पडली व तिची जागा सरकारी पोलिसानें घेतली. मुंबई इलाख्याच्या १८६७ च्या ग्रामपोलीस कायद्यानें पाटलाचे पोलिसी अधिकार बांधून दिले. १८७५ च्या कायद्यानें रस्ते व पूल यांवरील टोल घेण्यास आधार मिळाला. रस्ता सरकारचा झाला, त्याची फीही सरकारची झाली. पण वाटसरूच्या नुकसानीची हमी जी गांवावर होती, ती सरकारनें त्याच रीतीनें आपल्या अंगावर घेतली नाहीं. या बदलाची नोंद कोणत्याही एका कागदांत मिळणार नाहीं, कारण ती एका दिवशीं झालेली गोष्ट नव्हे.

१८७८ सालीं धोंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला, व लांब पल्ल्याचा माल हळूहळू आगगाडीकडे वळूं लागला. पायगाडी आपल्याकडे आली ती अशा काळांत, जेव्हां हमरस्त्यांवर बैलगाडीहून वेगवान असें फारसें कांहीं नव्हतें.

३. 'सेफ्टी' नांवाची गाडी

पायगाडीच्या इतिहासांत सुरक्षिततेचा विचार तिच्या नांवांतच आहे. आरंभीच्या उंच पुढच्या चाकाच्या गाडीवरून स्वार अडखळतांच डोक्यावर आदळे. १८८५ सालीं जॉन केम्प स्टार्ली यानें दोन सारख्या चाकांची, मागच्या चाकास सांखळीनें गति देणारी 'रोव्हर' गाडी काढली. या जातीस 'सेफ्टी' म्हणत. १८८८ सालीं डनलॉपनें हवेची धांव सिद्ध केली आणि खडीच्या रस्त्यावर ही गाडी सुसह्य झाली. आज खेड्यांतील दूधवाला जी गाडी चालवितो तिचा सांगाडा मूळच्या त्या 'सेफ्टी'चाच वंशज होय.

ही सुरक्षितता स्वाराची. पण कायद्यास प्रथम चिंता वाटली ती इतरांची. इंग्लंडांत १८७९ सालीं न्यायालयानें सायकल ही गाडीच आहे, म्हणून बेफाम हांकण्याचा गुन्हा सायकलस्वारासही लागतो, असा निर्णय दिला. १८८८ च्या कायद्यानें सायकलस्वारानें रात्रीं दिवा लावावा व कोणास मागें टाकतांना घंटा किंवा तत्सम इशारा द्यावा असें ठरविलें. हिंदुस्थानांत १८६० च्या दंडसंहितेचें २७९ वें कलम सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणें वाहन हांकणाऱ्यास व स्वारी करणाऱ्यास सारखेंच लागू होतें. २०२३ च्या भारतीय न्याय संहितेंत त्याचें स्थान २८१ व्या कलमानें घेतलें आहे.

येथें एक गोष्ट लक्षांत घ्यावी. घंटा व दिवा हीं दोन्ही मूळचीं बलवानानें दुर्बलास द्यावयाचीं सूचनाचिन्हें होत. रस्त्यावर पायगाडी ही बलवान होती. पादचारी, म्हातारीं, मुलें, बुजणारे घोडे हीं दुर्बल होतीं. वेगवानानें मंदास जपावें या तत्त्वांतून घंटेचा नियम निघाला, आणि त्याच अर्थानें तो जुन्या गांव-जबाबदारीच्या तत्त्वाशीं जुळतो.

४. तराजू फिरला

मुंबई सरकारनें मोटारगाड्यांविषयीं पहिला कायदा १९०४ सालीं केला. सर्व हिंदुस्थानास लागू असा कायदा १९१४ सालीं आला. त्याची जागा १९३९ च्या कायद्यानें व पुढें १९८८ च्या कायद्यानें घेतली. या अवधींत पायगाडी रस्त्यावरील बलवान वाहनांच्या पंक्तींतून उठून दुर्बळांच्या पंक्तींत बसली. परंतु तिच्यावरचे नियम बलवानाचेच राहिले. दिवा पूर्वी पुढच्या माणसास सावध करण्यासाठीं होता. आतां मागून येणाऱ्या मोटारीनें आपणांस चिरडूं नये म्हणून त्याची गरज पडूं लागली.

या उलटापालटीची जाणीव इंग्लंडांतील सायकलस्वारांस फार लौकर झाली. तेथील सायकलिस्ट्स टूरिंग क्लबनें मागच्या तांबड्या दिव्याच्या सक्तीस दीर्घकाळ विरोध केला. त्यांचें म्हणणें असें कीं, समोर दिसेल तेवढ्या अंतरांत थांबतां येईल अशा वेगानें हांकणें हें मोटारवाल्याचें कर्तव्य आहे. दिवा सक्तीचा केला कीं तें कर्तव्य मागच्या दारानें सायकलवाल्यावर ढकललें जाईल. युद्धकाळांतील अंधारानंतर १९४५ च्या कायद्यानें ही सक्ती कायमची झाली. दिवा असावा यांत आम्हांस शंका नाहीं. ताशीं ६० किलोमीटर वेगाची मोटार एका सेकंदांत सुमारें १७ मीटर पुढें येते; चालकाच्या डोळ्यास दिसून त्याचा पाय ब्रेकवर पडेपर्यंतच वीस-पंचवीस मीटर संपतात. दिव्याशिवाय रात्रीं रस्त्यावर जाणें म्हणजे जीव दैवावर सोपविणें होय. पण क्लबनें विचारलेला प्रश्न खोटा नव्हता : दिवा नसला तर दोष कोणाचा, हें ठरतांना दिवा असूनही धडक देणाऱ्याची जबाबदारी सैल होतां कामा नये.

आपल्याकडे १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यानें 'वाहन' या संज्ञेंत सायकलीचा स्पष्ट समावेश केला, रस्त्याच्या डाव्या बाजूनें चालण्याचा नियम ९९ व्या कलमांत घातला, व वाहनांवर किती दिवे कोठें व केव्हां असावेत हें ठरविण्याचा अधिकार पोलीस अधिकाऱ्यांस दिला. नगरपालिकांनीं सायकलीवर कर बसविला व कर भरल्याची खूण म्हणून धातूचा बिल्ला दिला. त्या काळचा सायकलस्वार कागदोपत्रीं दोनच रूपांनीं दिसतो : कर देणारा, किंवा बिनदिव्याचा व डबलसीट जातांना धरला गेलेला. सरकारनें त्याच्यासाठीं काय केलें याचा कागद शोधूं गेल्यास हात रिकामाच येण्याचा संभव अधिक.

५. नगर जिल्ह्याची विशेष परिस्थिति

क्षेत्रानें हा जिल्हा महाराष्ट्रांत सर्वांत मोठा, १७,००० चौरस किलोमीटरांहून अधिक. पूर्वदक्षिणेकडील तालुके अवर्षणाचे, तर उत्तरेकडील प्रवराकांठ कालव्याच्या पाण्याचा. १९२६ सालीं भंडारदऱ्याचें धरण पुरें झाल्यावर या कांठावर ऊस वाढला, आणि १९५० सालीं लोणी येथें विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनीं सहकारी साखर कारखाना उभा राहिला. पुढें असे अनेक कारखाने निघाले. या संपन्नतेचा सायकलस्वाराशीं निकट संबंध आहे. गळिताच्या हंगामांत, म्हणजे दिवाळीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत, उसाच्या बैलगाड्या व एकामागें एक ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रंदिवस रस्त्यावर असतात. ऊस ट्रॉलीच्या बाहेर दोन्ही बाजूंस लोंबतो. त्यानें मागचा दिवा असलाच तरी झांकला जातो. त्यांस ओलांडणारी मोटार डावीकडच्या सायकलीस पाहूं शकत नाहीं, व सायकलस्वारास उसाच्या मोळीपलीकडचें कांहीं दिसत नाहीं.

दुसरी अडचण भूमीची. या जिल्ह्यांत काळी जमीन पुष्कळ आहे. ती पावसांत फुगते, उन्हांत भेगाळते. त्यामुळें डांबरी पट्टीची कड तुटते व साइडपट्टी खालीं बसते. मागून भोंगा वाजला म्हणून स्वार घाईनें खालीं उतरूं गेला तर पुढचें चाक त्या पायरीवर घसरतें व तो डांबराकडेच आडवा पडतो. 'कडेनें जा' हा उपदेश सोपा आहे. पण कड सुरक्षित ठेवणें हें ज्याच्याकडे रस्ता आहे त्याचें काम आहे.

या परिस्थितींतून जे व्यवहाराचे नियम निघतात ते येथें नमूद करणें अप्रस्तुत होणार नाहीं. डाव्या बाजूनें जावें, परंतु तुटक्या कडेस अगदीं चिकटून नव्हे. हातभर अंतर ठेवावें म्हणजे चुकवावयास जागा उरते. खड्डा चुकवितांना एकदम उजवीकडे झोका घेऊं नये. आधीं मागें पाहावें, हात करावा, मग सरकावें. पुढें पांढरा व मागें तांबडा दिवा असावा. दिवा बिघडला तरी परावर्तक व फिकट कपडे असावेत. उसाच्या ट्रॉलीच्या मागें लागून किंवा तिला धरून जाऊं नये, आणि तिच्या डाव्या अंगानें तर कधींच पुढें घुसूं नये, कारण वळतांना मागची ट्रॉली आंत ओढली जाते. समोरच्या प्रखर दिव्यानें डोळे दिपले तर वेग कमी करून थांबावें. घाटांत उतरतांना दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबावेत. ओल्या रबरी ठोकळ्यांची पकड उशिरां बसते हें पावसाळ्यांत विसरूं नये. डोक्यास शिरस्त्राण असावें. आणि जमल्यास जुन्या वाटसरूचा नियम पाळावा : अंधारापूर्वी मुक्काम गांठावा.

६. मागाचें पुनरागमन

इतकें करूनही धडक बसली व वाहन पळून गेलें तर? जुन्या भाषेंत, माग खुंटला तर? १९८८ च्या मोटार कायद्याच्या १६१ व्या कलमानें अशा प्रसंगीं भरपाईची सोय केली आहे. मृत्यूबद्दल बराच काळ २५,००० रुपये मिळत. १ एप्रिल २०२२ पासून अमलांत आलेल्या योजनेनें ही रक्कम मृत्यूस २ लाख व गंभीर दुखापतीस ५०,००० रुपये झाली. पायगाडीस परवाना वा विमा लागत नाहीं, पण म्हणून तिचा स्वार या हक्कास मुकत नाहीं. या दाव्याची चौकशी प्रांत किंवा तहसीलदार यांच्या दर्जाच्या महसुली अधिकाऱ्याकडे असते. माग जेथें खुंटला तेथल्या हद्दीनें नुकसान भरावें, हें जागल्याच्या काळचें तत्त्व येथें नव्या वेषांत परत आलेलें आम्हांस दिसतें. फरक इतकाच कीं, पूर्वी भार एका गांवावर पडे, आतां तो सर्वांच्या सामाईक निधीवर आहे. आणि हें निश्चितच अधिक न्याय्य आहे.

२०१९ च्या दुरुस्तीनें आणखी दोन गोष्टी झाल्या. नव्या १९८ अ कलमान्वयें, रस्त्याची आखणी, बांधणी वा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणें न केल्यामुळें मृत्यु किंवा अपंगत्व ओढवल्यास संबंधित अधिकारी, ठेकेदार वा सल्लागार यांस एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. आणि १३८ व्या कलमांत भर घालून, यंत्रावर न चालणारीं वाहनें व पादचारी यांच्या वावराविषयीं नियम करण्याचा अधिकार राज्यांस दिला. यांपैकीं पहिलें कलम म्हणजे ज्याची वाट त्याची जोखीम, याचीच कायदेशीर कबुली. दुसऱ्यांत मात्र दोन्ही शक्यता आहेत : त्यानें सायकलीस रस्त्यावर हक्काची जागा मिळेल, किंवा सुरक्षिततेच्या नांवाखालीं तिला रस्त्यावरून हुसकलें जाईल. कोणती शक्यता खरी होते हें नियम करणाऱ्यांपुढें कोणता पुरावा ठेवला जातो यावर अवलंबून राहील.

७. संग्राहकांस विनंती

या पुराव्याचा विचार करतां, इतिहासाच्या उपासकांवर एक कर्तव्य येतें असें आम्हांस वाटतें. मोडी दफ्तरांतील चिटोरेंही आपण जपून ठेवितों. परंतु विसाव्या शतकांतील पायगाडीचा कागद आपल्या डोळ्यांदेखत रद्दींत जात आहे. नगरपालिकेचे सायकल-कराचे बिल्ले व पावत्या. उपविधींचीं छापील पत्रकें. बिनदिव्याच्या दंडाच्या पावत्या. सायकल भाड्यानें देणाऱ्या दुकानांच्या वह्या. तेलाचे, कार्बाइडचे व डायनॅमोचे दिवे. कारखान्यांनीं ऊसवाहतूकदारांस दिलेलीं सूचनापत्रें. गांवच्या पोलीस पाटलाच्या नोंदवह्या. यांपैकीं एकेका वस्तूचें मोल अल्प आहे. एकत्र ठेवल्यास मात्र कोणत्या रस्त्यावर, कोणत्या महिन्यांत, कोणत्या वेळीं वाटसरू अधिक पडले, व त्यावर कोणी काय केलें, हें सांगण्याची शक्ति त्यांत आहे.

पावत्यांवर साल व तारीख असेल ती फाटूं देऊं नये; बिल्ला घासून चकचकीत करूं नये, कारण आंकडे पुसले जातात; वस्तु कोणत्या गांवीं व कोणत्या प्रकारच्या घरांत मिळाली एवढें चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवावें. खाजगी व्यक्तींचीं नांवें प्रसिद्ध करण्याची गरज नाहीं. पावलांच्या मागावरून चोर ओळखणारा जागल्या आतां राहिला नाहीं. त्याच्या जागीं कागदाचा माग काढणारा संग्राहक उभा राहिला, आणि एका शिवेंतून दुसऱ्या शिवेंत तो माग हवालीं करीत गेला, तर एकट्या सायकलस्वाराच्या घाताची जबाबदारी कोठें येऊन खुंटते हें पुढच्या पिढीस दाखवितां येईल.